दहावीचं पेशी विभाजन: आकृती घोकण्याआधी मूळ दाखवा

अरुणावती
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीला पेशी विभाजन आलं की दरवर्षी तेच होतं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावं मुलं भराभर पाठ करतात. आकृत्या सुबक काढतात, बाण काढून नावं देतात, गुणही मिळतात. पण "आत्ता, या क्षणी, तुझ्या अंगात हे कुठं चाललंय?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मागच्या आठवड्यात ढोपर खरचटलेल्या एका मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "सर, हे तर पुस्तकातल्या पेशीत होतं ना?"

ही गोष्ट मला फार लागते. जखम भरते, नख वाढतं, पेरलेली तूर वर येते, हे सगळं ज्या एका क्रियेमुळे होतं ती मुलांना पुस्तकाच्या पानापुरतीच वाटावी, हे बरोबर नाही. माझं मत असं की ज्या मुलाने रंगवलेल्या मुळात गुणसूत्रं एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, त्यालाच हा धडा शिकवला असं म्हणावं.

अडचण साधनांची आहे. सूक्ष्मदर्शक एकच, वर्गात पोरं चाळीस. तयार स्लाइड्सचा रंग इतका उडालाय की त्यात काहीच कळत नाही. खेड्यातल्या शाळेत कांद्याच्या मुळाची स्लाइड तुम्ही कशी जमवता? आणि हा धडा आपल्याकडच्या शेतीभातीशी, गावातल्या गोष्टींशी कसा जोडता? सविस्तर लिहा. शिक्षकच असायला हवं असं नाही.

हिंगणघाटकर
विषय चांगला आहे. वाचतोय.

पालक_एक
सर, राग मानू नका. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिला पुढे नर्सिंग करायचंय आणि त्यासाठी गुण लागतात. बोर्डाच्या पेपरात आकृती आणि नावं विचारतात, कांदा विचारत नाहीत. खेड्यातल्या पोरांकडे शिकवणी नसते, घरी मदत करणारं कोणी नसतं. त्यांच्या वाट्याला जे मोजके तास येतात ते प्रयोगात गेले तर पेपर कधी लिहायचा?

अरुणावती
राग कशाला येईल ताई, प्रश्न खराच आहे. पण अनुभव असा की पाठ केलेल्या अवस्था पेपरात उलटसुलट होतात. मध्यावस्थेखाली पश्चावस्थेची आकृती काढणारी मुलं हुशारच असतात. त्यांनी नाव पाठ केलेलं असतं, पण आत काय हललं ते पाहिलेलं नसतं. एका तासात पाहून झालं तर पुढचे चार तास वाचतात.

काचपट्टी
अमरावतीच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो, आता निवृत्त आहे. या स्लाइड करण्यातच माझं आयुष्य गेलं, म्हणून जरा लांब लिहितो.

कांदा जुना, कोरडा घ्या. नुकताच काढलेला ओला कांदा नको, त्याला मुळं लवकर फुटत नाहीत. बुडाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडून काढा, पण चकतीला धक्का लावू नका. रुंद तोंडाच्या बाटलीवर तो असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला. तीन ते पाच दिवसांत दोन-तीन सेंटिमीटरची पांढरी मुळं येतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात हे करू नका, पाणी तापतं आणि मुळं काळी पडतात. पावसाळा किंवा हिवाळाच धरा.

मुळं सकाळी आठ ते दहाच्या सुमारास कापायची. त्या वेळी विभाजन होणाऱ्या पेशी जास्त सापडतात. कापल्याबरोबर ती तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल अशा मिश्रणात टाका आणि २४ तास ठेवा. याने पेशी मरतात आणि जिथल्या तिथे, ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत थांबतात. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली की मुळं कितीतरी दिवस टिकतात. म्हणजे मुळं आधी करून ठेवायची आणि धडा येईल तेव्हा काढायची. खेड्यातल्या शाळेला याचा मोठा आधार आहे, कारण धड्याच्या दिवशी कांदा कुजला म्हणून प्रयोग अडत नाही.

आता रंग. वॉच ग्लासमध्ये अ‍ॅसिटोकार्मिनचे नऊ थेंब आणि १ नॉर्मल (1N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब घ्या, त्यात मूळ टाका आणि स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू गरम करा. वाफ दिसली की बाजूला घ्यायचं, उकळू द्यायचं नाही. आम्ल पेशींना जोडणारा थर सैल करतं, रंग गुणसूत्रांना धरतो. थोड्या वेळाने पाहाल तर मुळाचं टोक बाकीच्या मुळापेक्षा जास्त लाल दिसतं. तिथं पेशी लहान आणि दाट असतात, प्रत्येकीत मोठं केंद्रक असतं, म्हणून रंग तिथं साठतो. ते दोन मिलिमीटर टोक तेवढं ठेवा. बाकी मूळ फेकून द्या.

काचपट्टीवर टोक, वर रंगाचा एक थेंब, त्यावर कव्हर स्लिप. पेन्सिलच्या मागच्या बाजूने हलकेच टकटक करा, पेशी पसरतात. मग टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जरासाही घसरला की पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळं वाया जातं. आम्ल हाताळायचं आणि दिवा पेटवायचा तो शिक्षकांनीच.

आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली चौकोनी पेशी शोधा. लांबट पेशी दिसल्या तर तुम्ही टोकापासून दूर गेलात, मागे या. मग मोठं भिंग लावा.

अरुणावती
काचपट्टी सर, हे छापून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावतो. ७० टक्के अल्कोहोलमध्ये मुळं टिकतात ही गोष्ट तर सगळ्याच शाळांना कळायला हवी.

पूर्णाकाठ
राजेहो, आमच्या गावात दोन भावाईत वावराची वाटनी झाली का धुरा (बांध) कोनाकडं सरकला यावून कोर्टाच्या चकरा सुरू. आन इथं पेशी म्हनते, आंधी सगळं वावर दुप्पट करू, मंग बसू वाटनीले. भांडनच नाई! मले तं हे पाहूनच लय आनंद झाला.

वैनगंगा
पूर्णाकाठ भाऊ 😄 आमच्या साकोलीकडेही धुऱ्याचे खटले काही कमी नाहीत जी.

काचपट्टी
पूर्णाकाठ, तुम्ही हसत हसत नेमकी तीच गोष्ट सांगितली जी मुलांच्या हातून निसटते. डीएनए दुप्पट होतो तो या चार अवस्थांपैकी कशातच नाही. तो आधीच्या आंतरावस्थेत होतो, जेव्हा पेशी बाहेरून स्वस्थ दिसते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं धरलं, तर त्यातले सुमारे आठ तास डीएनएची प्रत काढण्यात जातात आणि प्रत्यक्ष सूत्री विभाजन (या चार अवस्था) जेमतेम तासाभरात उरकतं. म्हणूनच स्लाइडमध्ये बहुतेक पेशी आंतरावस्थेतल्याच दिसतात. मुलं नाराज होतात, "सर, यात काहीच नाही." त्यांना आधीच सांगून ठेवा.

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं. प्रत निघाल्यावर प्रत्येक गुणसूत्र म्हणजे गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेली अर्धगुणसूत्रांची जोडी. पूर्वावस्थेत ती आखूड, जाड होऊन दिसू लागते, केंद्रकी (केंद्रकातला छोटा गोळा) आणि केंद्रकावरण नाहीसं होतं. मध्यावस्थेत सगळ्या जोड्या पेशीच्या मध्यावर एका रेषेत येतात आणि प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणारे बारीक तंतू, धरतात. पश्चावस्थेत जोडी सुटते आणि १६ एका टोकाला, १६ दुसऱ्या टोकाला जातात. अंत्यावस्थेत ती पुन्हा उलगडतात, दोन्हीकडे केंद्रकावरण तयार होतं. हे सगळं प्रकलविभाजन, म्हणजे केंद्रकाची वाटणी. मग परिकलविभाजन, म्हणजे पेशीद्रव्याची वाटणी.

कांद्याची स्लाइड दाखवताना एक सांभाळा. आकृतीतली तारकाकेंद्रं यात शोधायला लावू नका. ती प्राणीपेशीत असतात, कांद्यात नसतातच. आणि प्राणीपेशीला शेवटी बाहेरून आत खाच पडते, पण वनस्पतीला जाड पेशीभित्तिका असल्याने तसं जमत नाही. तिथं मधोमध पेशीपटल तयार होऊन ते कडेकडे वाढत जातं. नीट झालेल्या स्लाइडमध्ये दोन नव्या केंद्रकांमध्ये ती पुसटशी रेघ दिसते. ती दिसली की पोरं भिंगावरून हलत नाहीत.

जंबेरी
नमस्कार. आमची वरुड तालुक्यात संत्र्याची पन्हेरी आहे, शेंदूरजनाघाटजवळ. सरांनी विचारलं की गावातल्या गोष्टीशी कसं जोडायचं. आमचा सगळा धंदाच याच्यावर उभा आहे.

संत्रा आम्ही बियांपासून लावत नाही. जंबेरी या लिंबाच्या जातीची बी टाकून खुंट तयार करतो आणि त्यावर चांगल्या झाडाचा डोळा बांधतो. सालीला उभा-आडवा काप द्यायचा, त्यात डोळा सरकवायचा, पट्टी घट्ट गुंडाळायची. साल आणि लाकूड यांच्या मधल्या थरातल्या पेशी विभागतात आणि खुंट नि डोळा एकजीव होतात. तीनेक आठवड्यांनी पट्टी सोडून पाहायची. डोळा हिरवा असला तर कलम जमलं. त्या एका डोळ्यातून जे झाड होतं त्याची प्रत्येक पेशी मूळ झाडाच्या पेशीची प्रत असते. म्हणून तर त्या झाडाची चव हजारो कलमांत उतरते.

आणखी गंमत खुंटात आहे. जंबेरीची एक बी टाकली की पुष्कळदा दोन-तीन रोपं निघतात. त्यातलं एक नर-मादीच्या मिलनातून आलेलं असतं. बाकीची बीमधल्या आईच्याच पेशी साध्या विभाजनाने वाढून आलेली, म्हणजे आईची हुबेहूब. ती सारखी वाढतात. वेगळं किंवा खुरटं दिसणारं रोप आम्ही उपटून टाकतो. माझे वडील पानं पाहूनच ते ओळखत.

पालक_एक
एका बीतून दोन रोपं मीही पाहिलीत. कारण आज कळलं.

तण_आणि_मण
अकोल्याला कृषीचं शिकतोय. सरांच्या धड्यात मला एक मोठी गोष्ट जोडावीशी वाटते. सूत्री विभाजन थांबवायचं ज्ञान आपल्या शेतकऱ्यांच्या फवारणी पंपात आधीपासून आहे, फक्त त्यांना कोणी तसं सांगितलेलं नाही.

पेरणी झाल्यावर उगवणीआधी पेंडीमेथॅलिन हे तणनाशक मारतात ना, ते काय करतं? तुर्कतंतू ज्या प्रथिनापासून बनतात त्याचे रेणू ते एकमेकांना जुळू देत नाही. तण उगवायला लागतं, मुळाच्या टोकाशी पेशी विभाजनाच्या तयारीला लागते, गुणसूत्रं आखूड-जाड होतात, आणि तिथंच अडकतात. ओढायला तंतूच नाहीत. पेशी विभागत नाही, मूळ लांब होत नाही, टोकाला गोळा होऊन सुजतं आणि तण मरतं. असं तण उपटून मूळ पाहा, टोक जाडसर आणि ठेंगणं दिसेल. हात नीट धुवायचे आणि मुलांच्या हातात द्यायचं नाही, दुरून दाखवायचं.

वावरातला
हे काई पटलं नाई भाऊ. तननाशक तनाले जाळते, एवढं आमी पाह्यतो. पानं पिवळे पडते, वाळते. मुळाच्या टोकाचा काय संबंध? आन तसं असन तं सोयाबीन काहून मरत नाई? त्याच्याबी मुळाले तेच तंतू ना?

तण_आणि_मण
भाऊ, दोन्ही प्रश्न बरोबर. पानं पिवळी पाडणारी, वाळवणारी औषधं वेगळी, ती उभ्या तणावर मारतात. ग्लायफोसेट तर तणाला लागणारी काही अमिनो आम्लंच तयार होऊ देत नाही. पेंडीमेथॅलिन उभ्या तणावर मारून उपयोग नसतो, म्हणून तर पेरणीनंतर लगेच, ओल असताना मारा असं सांगतात.

सोयाबीन वाचतं त्याचं मोठं कारण खोली. हे औषध पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीच्या वरच्या थराला धरून राहतं. बारीक तणाचं बी त्याच थरात असतं. सोयाबीन खोल पडलेलं असतं, त्याची मुळं खाली जातात. पण बी उथळ पडलं आणि वरून जोराचा पाऊस झाला तर सोयाबीनलाही झटका बसतो. तुमच्या वावरात असं झालेलं असेल.

वावरातला
झालंय. एका साली उथळ पेरनी झाली होती, त्या पट्ट्यात सोयाबीन खुरटलं होतं. दुकानदारानं बियान्यावर ढकललं. आता मुळं उपटून पाह्यतोच.

तण_आणि_मण
बीजप्रक्रियेला कार्बेन्डाझिम चोळतात, तेही याच प्रथिनावर काम करतं, फक्त बुरशीच्या. बुरशीच्या पेशीचं विभाजन अडतं. सारखं तेच वापरत राहिलं तर त्या प्रथिनात एखादाच बदल झालेली बुरशी तगते आणि मग औषध लागू पडत नाही. म्हणून औषध बदलून वापरा असं सांगतात.

वैनगंगा
मी भंडारा जिल्ह्यात परिचारिका आहे. तण_आणि_मण दादांचं वाचून सदाफुली आठवली. आमच्याकडे अंगणाअंगणात असते. त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. १९५० च्या दशकात कॅनडात काही संशोधक मधुमेहावर तिचा उपयोग होतो का ते तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून पुढे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध आलं. हीसुद्धा तुर्कतंतू जुळू देत नाहीत. कर्करोगाच्या पेशी थांबायचं विसरून विभागतच राहतात, त्यामुळे त्यांच्यावर घाव जास्त बसतो. शरीरातल्या पटापट विभागणाऱ्या इतर पेशींवरही बसतो, म्हणून केस गळतात, पांढऱ्या पेशी उतरतात.

कळकळीने सांगते, साखरेसाठी म्हणून सदाफुलीची पानं चावून खाऊ नका. गावात अजून खातात. शेकडो किलो वाळक्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं, आणि तेवढंही डॉक्टर मोजून शिरेतून देतात. पानांत बाकी काय काय जातं त्याचा पोटात हिशोब नसतो.

मोहफूल
गडचिरोलीकडून लिहितोय. आमच्या रानात पावसाळ्यात कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. तेही तुर्कतंतू मोडतं. पोटात गेलं तर आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशींचं विभाजन अडतं आणि माणूस दगावतो. मुलांना फूल लांबून दाखवा, कंदाला हात लावू देऊ नका.

याच कोल्चिसिनने बिनबियांचं टरबूज होतं. टरबुजाची २२ गुणसूत्रं. कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर कोल्चिसिन लावलं की प्रत निघते पण वाटणी होत नाही, पेशीत ४४ राहतात. त्याचा साध्या २२ वाल्याशी संकर केला की ३३ वालं रोप. ३३ चे दोन सारखे वाटे पडत नाहीत, म्हणून नीट बी धरत नाही.

पूर्णाकाठ
म्हंजे तन, बुरशी, टरबूज आन कर्करोग, सगळ्याईचा धागा एकच. तुर्कतंतू. आमाले शाळेत असं शिकोलं असतं तं मी बारावी सायन्स घेतलं असतं राजेहो.

सातवा_तास
मी नववीत आहे. दादाच्या खात्यावरून लिहितोय. मला एक समजलं नाही. काचपट्टी काकांनी सांगितलं की पेशी त्या मिश्रणात मरतात आणि थांबतात. मग मेलेल्या पेशी पाहून कोणती अवस्था आधी आणि कोणती नंतर हे कसं कळलं? कदाचित उलट क्रम असेल.

काचपट्टी
बाळा, तुझा प्रश्न फार मोलाचा आहे. नेमका हाच प्रश्न जर्मनीत कील इथल्या वाल्थर फ्लेमिंगसमोर होता. पेनिसिलिनवाले फ्लेमिंग वेगळे. यांनी सॅलमँडर नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या अळ्या घेतल्या. त्यांच्या पेशी मोठ्या आणि अंग पारदर्शक, त्यामुळे जिवंत पेशीत आतली हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत होती. रंगवलेल्या मेलेल्या पेशींच्या आकृत्या त्यांनी जिवंत पेशीत दिसणाऱ्या बदलांशी ताडून पाहिल्या आणि क्रम लावला. १८८२ साली पुस्तक काढलं. तेव्हा गुणसूत्रांना आजचं नावही नव्हतं, ते १८८८ साली वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं.

मेलेल्या पेशींतूनही एक गोष्ट कळते. स्लाइडमधल्या पेशी मोज. कोणत्या अवस्थेतल्या जास्त सापडतात? पूर्वावस्थेतल्या जास्त सापडतील, कारण त्या अवस्थेला वेळ जास्त लागतो. पश्चावस्थेतल्या अगदी थोड्या, कारण ती झटकन उरकते. वहीत तक्ता करून मोज आणि इथे लिही.

सातवा_तास
हो काका, नक्की मोजतो. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे पण तो कपाटात कुलूप लावून ठेवलाय. सरांना विचारतो.

हिंगणघाटकर
आता राहवत नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या व्यापारात. एक गोष्ट मला कापूस संशोधनातल्या एका जाणत्या माणसाने दाखवली होती. सरकीवरचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. बीच्या सालीवरची एक पेशी, फूल उमललं त्या दिवशी उभी राहते आणि अजिबात न विभागता नुसती लांब होत जाते. तीन आठवड्यांच्या आसपास तिची लांबी पुरी होते, मग आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटलं की ती वाळते, चपटी होते आणि पीळ खाते. जिनिंगमध्ये आम्ही २८-३० मिलिमीटर धागा म्हणून ज्याचा भाव करतो ती एका पेशीची लांबी असते. एका सरकीवर अशा हजारो.

सर, मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. सरकीवरून एक तंतू ओढून काळ्या कागदावर ठेवायचा आणि पट्टीने मोजायचा. नुसत्या डोळ्यांनी, हाताने मोजता येते अशी पेशी आपल्या वावरात उगवते.

वावरातला
हिंगणघाटकर भाऊ, मंग वाढ कायले म्हनाव? पेशी विभागून का लांबून?

जंबेरी
दोन्ही. काचपट्टी सरांनी वर लिहिलंच आहे की टोकाला चौकोनी पेशी आणि थोडं मागे गेलं की लांबट. टोकाशी विभागतात, मागे आल्यावर पाणी घेऊन लांबतात. पाऊस पडून गेल्यावर ज्वारी रातोरात वाढलेली दिसते ती बहुतेक लांबण्यामुळे. पण लांबायला आधी पेशी हव्यात, त्या टोकाच्या विभाजनातून येतात.

वैनगंगा
अरुणावती सर, तुमच्यासाठी एक प्रसंग लिहिते. आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, पुष्कळ. तपासणीसाठी शाळेत गेले होते, तेव्हा पेशी विभाजनाचं चित्र फळ्यावर होतं. सिकलसेल असलेल्या एका मुलाने मला हळूच विचारलं, "मॅडम, माझ्या पेशी विभागताना चुकतात का?"

मी त्याला सांगितलं, नाही रे, तुझ्या पेशी अगदी नीट विभागतात. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचं एक जनुक असतं, त्यात एका जागचं अक्षर बदललेलं आहे, आणि ते आईकडून एक, बाबांकडून एक असं तुझ्याकडे आलं. तुझ्या पेशी त्याची इमानाने प्रत काढतात, म्हणून ते केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत आहे. तांबड्या पेशीत तर केंद्रकच नसतं, ती विभागत नाही. अस्थिमज्जेतल्या पेशी विभागून नव्या तांबड्या पेशी बनवत राहतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, सिकलची १० ते २० दिवसच. त्यामुळे तुझी अस्थिमज्जा इतरांपेक्षा कितीतरी जास्त काम करते.

तो मुलगा ताठ बसला. त्याला हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू होत्या. ती गोळी गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते, पण डीएनएची प्रत काढण्याच्या कामालाही थोडा लगाम घालते. म्हणून वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. घरचे तपासणी चुकवतात. धड्यात दोन मिनिटं यावर बोललात तर आमचं मोठं काम होईल.

अरुणावती
ताई, दोन मिनिटं कशाला, पूर्ण तास देतो. माझ्याही वर्गात अशी मुलं आहेत आणि त्यांच्या मनात हाच प्रश्न असणार.

पालक_एक
वैनगंगा ताई, मुलीला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ती म्हणते नर्सिंगला गेल्यावर असंच सांगेन. सर, तुम्ही प्रयोग घ्याच. माझी एकच विनंती, स्लाइड पाहिल्यावर त्याच तासात आकृती काढून घ्या.

अरुणावती
तसंच करणार. पेपरासाठीही नुसती नावं न विचारता एक पेशी दाखवून "ही कोणत्या अवस्थेत आहे आणि कशावरून?" असं लिहून घेणार.

एक अडचण उरली. चाळीस पोरं, भिंग एक. रांग लावली तर प्रत्येकाला अर्धा मिनिट मिळतो, त्यात डोळा बसेपर्यंत पाळी संपते.

काचपट्टी
मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर टेकवा. हात हलतो म्हणून पुठ्ठ्याची नळी करून मोबाइल तिच्यावर बसवा, नळी नेत्रिकेवर घट्ट बसली पाहिजे. आधी डोळ्याने चित्र स्पष्ट करून घ्या, मग कॅमेरा लावा आणि थोडं मोठं करा. फोटो काढून ठेवा. चारही अवस्थांचे फोटो मिळाले की गट करून पोरांना क्रम लावायला द्या. आणि प्रत्येकाला डोळा लावायला मिळालाच पाहिजे, त्यासाठी मधली सुट्टी वापरा.

अ‍ॅसिटोकार्मिनची बाटली उन्हात ठेवू नका. तळाशी गाळ दिसला तर गाळून घ्या, नाहीतर स्लाइडवर काळे ठिपके येतात आणि पोरं त्यांनाच गुणसूत्रं समजतात.

सातवा_तास
कांदा नसेल तर दुसरं काही चालतं का? आत्ता घरात लसूणच आहे.

काचपट्टी
लसूण उत्तम. त्यातही १६ गुणसूत्रं, आणि मोठी. हरभऱ्यातही १६ च, पण बारीक असल्याने शाळेच्या भिंगाला जड जातात. पाकळी बुडाकडून पाण्याला टेकव, मुळं आली की सरांकडे ने.

जंबेरी
सर, जंबेरीच्या बिया हव्या असतील तर निरोप पाठवा, फळं पिकली की पाठवतो. कुंडीत ओल्या मातीत टाका आणि प्रत्येक बीतून किती रोपं येतात ते पोरांना मोजू द्या. बी वाळवून ठेवू नका, वाळली की उगवत नाही.